फोटोच्या कडेचे हात

माझ्या मावशीने आयुष्यभर लोकांना एकच गोष्ट सांगितली: हलू नका. तिचा धंदाच तसा आहे. सरकारी कचेरीसमोरच्या गल्लीत तिचा एका खोलीचा स्टुडिओ आहे आणि तिथे ओळखपत्रांचे फोटो काढून मिळतात. पांढरा पडदा, एक फिरतं स्टूल, आरशाशेजारी दोरीने बांधलेला कंगवा, कारण मोकळा ठेवला की तो गिऱ्हाइकाबरोबर जातो. माणूस स्टुलावर बसला की मावशीची टकळी सुरू. "चष्मा काढा. कान दिसू द्या. हनुवटी जरा खाली. एवढी नको, गुन्हा कबूल करायला नाही आलात." त्यावर माणूस हसला की पुन्हा बोलणी खातो, कारण कचेरीत हसरा चेहरा चालत नाही.

फोटो छापून झाला की ती तो कटरवर ठेवते आणि चारही बाजूंनी कापते. तान्ह्या बाळाचं ओळखपत्र असलं तर आईला मागून त्याची मान धरावी लागते. ते आईचे हातही मावशी इतक्या सफाईने उडवते की बाळ स्वतःच्या हिमतीवर बसलंय असं वाटावं. कापलेलं सगळं कातरण एका पत्र्याच्या डब्यात जातं आणि डबा भरला की रद्दीत.

दुकान मुळात काकांचं. ते अचानक गेले तेव्हा "ही काय चालवणार" म्हणणारे पुष्कळ होते. त्यांच्या नाकावर टिच्चून मावशीने ते चालवलं. पण त्या भरात तिला एक वाईट खोड लागली, ती म्हणजे कुणाची मदत घ्यायची नाही. पिशवी धरू का विचारलं तरी तिच्या कपाळाला आठी पडते. कॅमेऱ्याला तर कुणी बोटही लावायचं नाही, मग ती सख्खी भाची का असेना. स्वतःचा फोटोही ती कुणाला काढू देत नाही. "न्हावी कधी स्वतःची हजामत करतो का?" असं म्हणून ती विषय मिटवते. करतो की, असं मी एकदा म्हटलं होतं. आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही.

शहराच्या टोकाला टेकडीवर एक कॉन्व्हेंट आहे. गेल्या वर्षी सुट्ट्या लागायच्या सुमारास तिथल्या प्रमुख, म्हणजे मदर, ओळखपत्राचा फोटो काढायला मावशीकडे आल्या. कॉन्व्हेंट बंद होणार होतं. राहणाऱ्या सिस्टर्स थोड्या, त्याही वयाने थकलेल्या, आणि इमारत मोठी. त्यांच्या संस्थेच्या मुख्य घरातून निरोप आला होता की उन्हाळा संपेपर्यंत घर रिकामं करायचं आणि एकेका सिस्टरला वेगवेगळ्या ठिकाणी पाठवायचं. मदर स्टुलावर बसल्या, कान दाखवा म्हटल्यावर डोक्यावरचं कापड निमूटपणे मागे सारलं, फोटो झाला, आणि उठता उठता म्हणाल्या, "बाई, तुम्ही आमच्याकडे येऊन आमच्या रोजच्या कामाचे फोटो काढाल का? घर जाण्याआधी."

"मला चेहरे काढता येतात," मावशी म्हणाली. "माणूस हलायला लागलं की माझं काही चालत नाही."

"आमच्याकडे कुणी थांबणार नाही. कामं पडलेली असतात. तुम्हालाच मागे मागे यावं लागेल."

मावशीला असं कुणी आव्हान दिलं की ती गेलीच म्हणून समजा. पण तिचा गुडघा दुखत होता आणि टेकडीला पायऱ्या. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती. आईने मला बजावलं, "तिच्याबरोबर जा. ती नको म्हणेल, तरी जा." मावशी नको म्हणालीच. मी तरी गेले. वर पोचेपर्यंत तिचा गुडघा दर पायरीला कट् कट् वाजत होता, आणि तिपाई, दिवा, कॅमेऱ्याची पिशवी सगळं तिच्याच खांद्यावर. मी शेजारून मोकळ्या हातांनी चालत होते आणि येणारे जाणारे माझ्याकडे काय नजरेने बघत होते ते मलाच माहीत.

कॉन्व्हेंटमध्ये दुपारच्या जेवणापर्यंत मौन असतं. पहाटे प्रार्थनेची घंटा झाली की ते सुरू होतं, आणि मग झाडलोट, धुणं, बाग, स्वयंपाक सगळं एक शब्द न बोलता. पहिल्या सकाळी मला ते अंगावर आलं. शिक्षिका मी, शांतता झाली की काहीतरी बिघडलंय असंच वाटतं. पण हळूहळू कानांना बाकीचं सगळं ऐकू यायला लागलं. लांबलचक बोळात चपलांचा आवाज, शिवणाच्या खोलीतलं मशीन, धुण्याच्या खोलीत चादर पिळली की टबात पडणारं पाणी. भांडीसुद्धा त्या अशी ठेवत की भांड्याला झोप लागलेली असावी. आणि या सगळ्यात मावशीचा गुडघा, कट्. शिवणाच्या सिस्टरला एकदा हसू आवरेना, ती तोंड दाबून खिडकीकडे वळली.

त्यांचं स्वतःचं असं काही नसतं. चष्मासुद्धा माझा म्हणायचा नाही, आपला म्हणायचं. धुण्याच्या सिस्टरने जेवणानंतर मला विचारलं, "आपले दात कुठे पाहिलेत का?" मी क्षणभर चाचपडले. मग कळलं, ती तिची कवळी शोधत होती.

या धुण्याच्या सिस्टरची आणि स्वयंपाकाच्या सिस्टरची जोडी होती. एकाच दिवशी, दोघी अगदी पोरी असताना, या दारातून आत आलेल्या. एक उंच, हाडकुळी, हात सोड्याने पांढरे पडलेले. दुसरी बुटकी, गोल, गालावर कायम पीठ. स्वयंपाकाच्या सिस्टरच्या हाताला चव होती. ती झाकण न उचलता भांड्याच्या नुसत्या आवाजावरून सांगे की पाणी आटत आलंय. मला तिचं फार कौतुक वाटलं.

मावशीला वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी टेकडी उतरताना ती म्हणाली, "त्या बाईला दिसत नाही."

"काहीतरीच. माझ्यासमोर तिने कांदा चिरला. उतू जाणारं दूध उतरवलं."

"चिरला असेल. कॅमेरा समोर आला की माणूस दोनच गोष्टी करतं. एक तर त्यात बघतं, नाहीतर बघायचं नाही म्हणून मान आखडून बसतं. हिने दोन्ही केलं नाही. क्लिक झाला तेव्हा हिने कान वळवला."

त्या संध्याकाळी स्टुडिओत तिने फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून दाखवले. स्वयंपाकाच्या सिस्टरच्या जवळजवळ प्रत्येक फोटोत कडेला एक हात होता. चुलीपाशी कुणाचा तरी हात पळीचा दांडा तिच्या मुठीत सरकवतोय. पायरीवर कुणीतरी कोपराला आधार दिलाय. जेवणाच्या टेबलाशी खुर्ची एक तसूभर तिच्याकडे ढकललेली. आम्ही दोघी तिथेच होतो आणि आम्हाला यातलं काही दिसलं नव्हतं, कारण आम्ही तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. पायरी आली हे मौनात तोंडाने सांगता येत नाही, म्हणून सिस्टर्स ते हाताने सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी मौन सुटल्यावर मावशीने धुण्याच्या सिस्टरला दोरीपाशी गाठलं. आडपडदा तिला ठाऊकच नाही. "सिस्टर, तुमच्या मैत्रिणीला किती दिसतं?"

सिस्टरच्या हातातला चिमटा चादरीवर तसाच राहिला. मग तिने इकडे तिकडे बघितलं आणि सांगितलं. आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. तिचा दात दुखतो असं सांगून दोघी शहरात गेल्या होत्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. त्यावर उपाय नाही म्हणाले.

"खोटं बोललात?" मी विचारलं.

"दात दुखतच होता," सिस्टर म्हणाली. "पण आम्ही दात दाखवला नाही."

"मग मदरना सांगा की," मावशी म्हणाली.

"ज्यांना काम जमत नाही त्यांना आजारी सिस्टर्सच्या घरी पाठवतात. ते लांब, पार समुद्राकडे. तिथे आजारी असेल तीच जाते. सोबत कुणाला पाठवत नाहीत. मला अजून पिळता येतं, म्हणजे मला दुसऱ्या घरी काम मिळणार. ती तिथे एकटी पडेल, बाई. तिला त्या घरातल्या भिंतीसुद्धा ओळखीच्या नाहीत."

"मग आम्हा दोघींना एकत्र पाठवा म्हणून मागा."

"आम्ही मागत नाही. पाठवतील तिथे जातो. तशी शपथ आहे."

"शपथ घेतली तेव्हा लहान होतात तुम्ही."

"हो. पण घेतली मीच." सिस्टरने चिमटा लावला. "हे कुणाला कळू देऊ नका. फक्त मला ठाऊक आहे."

मावशीने आणि मी एकमेकींकडे बघितलं. कारण फोटोतले हात काही एकट्या धुण्याच्या सिस्टरचे नव्हते. पळी सरकवणाऱ्या हाताच्या नखांत बागेतली माती होती. खुर्ची ढकलणाऱ्या बोटावर शिवणाचं टोपण होतं. उतरताना मावशी एका पायरीवर बसलीच. "अगं, सगळ्यांना ठाऊक आहे," ती म्हणाली. "आणि प्रत्येकीला वाटतंय की फक्त आपल्यालाच ठाऊक आहे. एकमेकींपासून लपवताहेत!" आणि ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिने डोळे पुसले. "फोटो मदरच्या हातात पडले की बिंग फुटेल म्हातारीचं."

पुढचे दिवस आम्ही वर जात होतो, फोटो काढत होतो, आणि मनात हेच. शेवटी सगळे फोटो छापून झाले तेव्हा मावशीने कटर पुढे ओढला आणि जे तिला येतं ते केलं. हात कापले. पळी देणारा हात गेला, कोपर धरणारा गेला, खुर्चीवरचा गेला. मी म्हटलं, "मावशी, इतके चांगले फोटो तू वाया घालवते आहेस."

"फोटोला काय धाड भरलीय? बाई महत्त्वाची." कटरचं पातं खाली आलं. "बघ कशी दिसतेय. ताठ. एकटीने सगळं करतेय. कुणाची हिंमत आहे हिला आजारी म्हणायची?"

तिचा आवाज मला जरा जास्तच चढलेला वाटला. तिच्या तोंडी लागण्यात अर्थ नसतो.

मदरनी फोटो आपल्या खोलीत टेबलावर एकेक करून मांडले. खोलीत दुसरं काही नव्हतंच, एक कपाट, एक खिडकी आणि त्या टेबलाच्या दोन खुर्च्या. त्या बराच वेळ बघत राहिल्या. फोटो छान आलेत म्हणाल्या. मग त्यांनी पायरीवरचा फोटो उचलला.

"बाई, हात कुठे गेले?"

"कुठले हात?" मावशी म्हणाली, आणि तिचा चेहरा असा झाला की कचेरीने तो फोटो परत पाठवला असता.

"इथे पायरी आहे. पाय खाली जातोय आणि कोपर वर उचललेलं आहे. कोपर आपोआप वर जात नाही. ते मी धरलं होतं."

मदर खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मला वाटायचं, धुण्याच्या सिस्टरला आणि मलाच हे माहीत आहे. मुख्य घराला मला कळवायचंय की कोण काय काम करू शकते. ती स्वयंपाक करते असं कळवलं तर तिला परक्या स्वयंपाकघरात पाठवतील आणि ती भाजून घेईल. दिसत नाही असं कळवलं तर एकटी जाईल. खोटं मला सांगता येईना आणि खरं सांगवेना. म्हणून तुम्हाला बोलावलं. म्हटलं, निदान त्या दोघींचा एकत्र एखादा फोटो तरी मिळेल दाखवायला."

मग मावशीने पिशवीतून कॅमेरा काढला, मदरच्या शेजारची खुर्ची ओढली आणि मागच्या छोट्या पडद्यावर न कापलेले फोटो दाखवायला सुरुवात केली. मदर हातांवरून ओळखत गेल्या. ही बागेतली. ही शिवणाची. ही दारावरची, तिला तर स्वतःला धड चालता येत नाही. त्यांना हसू यायला लागलं, मग चष्मा काढून ठेवावा लागला, आणि मग त्या हसत नव्हत्या.

"तुम्ही तिच्या भल्यासाठी कापलेत हे कळतंय मला," त्या शेवटी म्हणाल्या. "पण हा फोटो खोटा झाला, बाई. तिला काही जमत नाही असं म्हणणं जितकं खोटं, तितकंच तिला एकटीला सगळं जमतं हेही खोटं. मला ते हातांसकट छापून द्या. मी घेऊन जाते."

टेकडी उतरताना अर्ध्या वाटेवर मी तिच्या खांद्यावरून तिपाई काढून घेतली. तिच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल. खालपर्यंत मीच आणली.

मदर फोटो घेऊन बसने मुख्य घरी गेल्या. त्या परत येईपर्यंत मावशी दुकानात गिऱ्हाइकांवर नेहमीपेक्षा जास्त खेकसत होती. एका बापड्याला तिने कान सरळ करून यायला सांगितलं. मग एका दुपारी मदरचा फोन आला. मी शेजारीच होते. मावशी नुसतं "हो, हो" म्हणत होती. फोन ठेवून तिने पदराने कटर पुसला, जो पुसायची काही गरज नव्हती, आणि म्हणाली, "दोघी एकत्र जाताहेत. समुद्राकडे. तिकडच्या घरी धुणं भरपूर आहे म्हणे."

निघायच्या दिवशी आम्ही वर गेलो. मावशीने प्रत्येकीसाठी एकेक फोटो फ्रेम करून नेला होता. मदरनी त्या फ्रेम हळूच बाजूला ठेवल्या. स्वतःचं काही ठेवायचं नसतं, सगळे फोटो संस्थेचे. मावशीचं तोंड उतरलं. मग तिला काय सुचलं कोण जाणे, तिने पिशवीतून तो पत्र्याचा डबा काढला. "फोटो ठेवायचा नाही, कबूल. कचरा ठेवायला हरकत आहे का?"

डब्यात कातरण होतं. बोटाएवढ्या रुंदीच्या पट्ट्या आणि प्रत्येकीवर कुणाचा तरी हात. सिस्टर्सनी आपापले हात शोधून काढले. शोधताना त्यांच्या लक्षात आलं की डब्यात आपला एकटीचाच हात नाही, आणि मग त्या अंगणात जो हशा झाला तो त्या भिंतींनी पूर्वी ऐकला असेल असं मला वाटत नाही. "तुलाही माहीत होतं?" "तुला कधीपासून?" स्वयंपाकाची सिस्टर मध्ये उभी. तिचे गाल लाल झाले. "आणि मला वाटत होतं, मी किती हुशारीने निभावतेय," ती म्हणाली, आणि सगळ्यांत मोठ्याने तीच हसली. पट्ट्या प्रार्थनेच्या पुस्तकांत गेल्या. मदर तेवढा वेळ आकाशाकडे बघत होत्या.

गाडी आली. धुण्याची सिस्टर ट्रंक ठेवायला मागच्या बाजूला गेली, बाकीच्या तिला मदत करायला. स्वयंपाकाची सिस्टर गाडीच्या दारापाशी एकटी राहिली. तिने एक पाय चाचपून पुढे केला आणि कोपर जरासं वर उचललं, सवयीने. तिथे कुणीच नव्हतं. कोपर तसंच हवेत राहिलं.

"धर," मावशी म्हणाली आणि कॅमेरा माझ्या हातात कोंबला. मला धड पट्टाही गळ्यात घालता आला नाही. ती तरातरा पुढे गेली आणि तिने ते कोपर धरलं.

"हा हात नवा आहे," सिस्टर म्हणाली.

"फोटोवालीचा आहे."

"वाटलंच. गुडघा वाजला." सिस्टरने आपला दुसरा हात मावशीच्या हातावर ठेवला. "तुम्हीही कुणाला तरी धरा, बाई. पायऱ्या फार आहेत इथे."

मला फोटोतलं काही कळत नाही. मी बटण दाबलं.

तो फोटो आता स्टुडिओत आरशाशेजारी लावलाय, कंगव्याच्या वर. सिस्टर अर्धी गाडीत, मावशी तिच्याकडे वाकलेली, केस विस्कटलेले, एक कान दिसतोय, एक नाही. कचेरीत मुळीच चालणार नाही असा फोटो. वर डाव्या कोपऱ्यात एक मोठा गुलाबी धब्बा आहे, ते माझं बोट. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय आलंय मध्येच. मीही मावशीला म्हटलं, तेवढा कोपरा कापून टाक, बरं दिसेल.

"राहू दे," ती म्हणते.

कटर तिथेच, तिच्या हाताशी असतो. माझं बोट तिने अजून कापलेलं नाही.